स्वप्नाळू कोण अन् स्वप्नवत काय?

आज एका विशेषणाची बाजू घेऊन भांडायचं ठरवलं आहे. विशेषण आहे 'स्वप्नाळू'. ज्याच्याविरुद्ध भांडायचं तेही विशेषणच, 'स्वप्नवत'. दोघंही एकाच घरची, 'स्वप्न' या नामाची लेकरं. पण हल्ली आपण एकाला डोक्यावर घेऊन नाचतो आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करतो. माझ्या मते हा उलटा न्याय आहे. पेन्शनर मास्तरला दुसरा उद्योग नाही असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं :-) फक्त शेवटपर्यंत वाचून म्हणावं.

आधी वस्तुस्थिती सांगतो. शहरातून नगर नाका ओलांडून आमच्या वाळूजकडे यायला लागा. (नगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण रस्त्याला लोक अजून नगर रोडच म्हणतात.) गोलवाडी, पंढरपूर, मग एमआयडीसी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या. रो-हाऊस, फ्लॅट, प्लॉट. 'स्वप्नवत घर', 'स्वप्नवत परिसर', 'स्वप्नवत जीवन'. घरी येऊन वर्तमानपत्र उघडावं, तर आत एखाद्या क्रिकेटपटूचं 'स्वप्नवत पदार्पण' आणि कुणा नटीचा 'स्वप्नवत विवाहसोहळा'. म्हणजे जे जे महाग, चकचकीत आणि दुसऱ्याने हेवा करावा असं, ते ते स्वप्नवत.

आता याच रस्त्यावरच्या पंढरपुरात विठ्ठलाचं देऊळ आहे. हे आमचं छोटं पंढरपूर. ज्यांना मोठ्या पंढरपूरला जाणं जमत नाही अशी माणसं आषाढीला शहरातून पायी चालत इथे येतात. तिथे कीर्तनाला बसा. बुवा काय सांगतात? 'बाबांनो, हा संसार स्वप्नवत आहे.' म्हणजे यात जीव गुंतवू नका, जाग आली की यातलं काही हाताला लागायचं नाही. शब्द तोच. बाहेर पाटीवरही तोच. पण देवळात त्याचा अर्थ 'सोडा' आणि पाटीवर त्याचा अर्थ 'कर्ज काढा'! दोन्ही ठिकाणी तीच माणसं माना डोलावतात, आणि कुणालाच काही खटकत नाही, याचं मला नवल वाटतं.

खरं कोण बोलतंय? व्याकरण विचाराल तर बुवा. 'वत्' म्हणजे सारखं. यंत्रवत वागणारा माणूस यंत्र नसतो. मृतवत पडलेला मेलेला नसतो. दंडवत घालणारा काठीसारखा आडवा होतो, काठी होत नाही. तसं स्वप्नवत म्हणजे स्वप्नासारखं. आणि स्वप्न कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिना चढत राहावं आणि माडी येऊच नये. परीक्षेला बसावं आणि पेन सापडू नये. दार उघडावं तर पलीकडे मामाचं गाव. सकाळी उठलं की जिना नाही, माडी नाही, मामाही नाही. असं घर कुणी विकत घेईल का? पण वीस-वीस वर्षांचे हप्ते बांधून लोक घेतात बिचारे, आणि काहींच्या बाबतीत ते शब्दशः स्वप्नवतच निघतं. पाटी असते, रंगीत कागद असतो, घर नसतं.

या धंद्याला शिस्त लागावी म्हणून २०१६ साली रेराचा कायदा झाला. महाराष्ट्रात २०१७ पासून महारेरा कामाला लागलं. चटई क्षेत्र म्हणजे नेमकं काय, कुठली भिंत धरायची, गच्ची धरायची की नाही, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. जाहिरातीत खोटी माहिती देऊन ग्राहकाचं नुकसान केलं तर भरपाईचीही सोय आहे. पण विशेषणाचं चटई क्षेत्र कोण मोजणार? 'स्वप्नवत' या शब्दात नेमकं काय मिळणार, हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

असो. आता दुसऱ्या भावाकडे वळू.

'स्वप्नाळू' या शब्दातला 'आळू' हा प्रत्यय फार जुना आणि खानदानी आहे. पाणिनीने त्याला 'आलुच्' म्हटलं आहे आणि तो कुठे लागतो त्याची यादीच दिली आहे. दया, निद्रा, श्रद्धा वगैरे. ज्याचा जो स्वभाव, त्याला तो लागतो. मराठीने हा प्रत्यय घरचा करून घेतला. दयाळू, कृपाळू, मायाळू, श्रद्धाळू ही चांगली माणसं. लाजाळू मधलं, कुणाला आवडतं, कुणाला नाही. झोपाळू आणि विसराळू ही जरा गैरसोयीची. मग 'स्वप्नाळू' कुठे बसवायचा? प्रत्ययाचा दोष नाही, तो नुसता स्वभाव सांगतो. बसवणारे आपण. आणि आपण त्याला नेऊन बसवलं झोपाळू आणि विसराळूच्या शेजारी. स्वप्नाळू म्हणजे कामाचा नाही, हिशेब न कळणारा, खिडकीबाहेर बघत बसणारा. प्रगतीपुस्तकातल्या शेऱ्यात मी हा शब्द पाहिलेला आहे. 'हुशार आहे, पण स्वप्नाळू.' त्या 'पण'मध्ये पोराच्या सगळ्या हुशारीवर पाणी.

मी एवढं तावातावाने का लिहितोय, तेही सांगतो. आमच्या गल्लीत एक कुटुंब राहतं. नाव-गाव सांगत नाही. वडील एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. मुलगी यंदा बारावीला. तिला पुरातत्त्व शिकायचंय. कुठून आलं हे डोक्यात? शाळेची सहल दरवर्षी वेरूळला किंवा दौलताबादला जाते, तिथून आलं. बाकीची पोरं माकडांना शेंगदाणे टाकत होती तेव्हा ही बाई, डोंगर वरून खाली कोरत आणला तर चूक झाल्यावर काय करत असतील, असं विचारत होती! वडील मला म्हणाले, "सर, पोरगी फार स्वप्नाळू आहे हो. तुम्ही समजावून सांगा. डी.एड. नाहीतर नर्सिंग करू द्या."

मी मुलीला बोलावलं. तिने एक वही दाखवली. त्यात लिहिलेलं होतं: आधी इथेच इतिहास घेऊन बी.ए., मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाचं एम.ए. त्याखाली फी, वसतिगृह, कुठली शिष्यवृत्ती कधी भरायची, बसचं भाडं. एका पानावर, नोकरी लागलीच नाही तर काय, याचेही तीन पर्याय. मला सांगा, यात झोपाळू काय आहे?

आणि वडील? त्यांनी चार वर्षांपूर्वी एक प्लॉट घेतलाय. बॉन्ड पेपरवर. सातबारावर नाव नाही. कागदावर बाग आहे, बागेत कारंजं आहे. जागेवर बाभळी. विकणारा आता फोन उचलत नाही. तरी अजून तो रंगीत कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेला आहे, आणि त्यावर मोठ्या अक्षरात तेच विशेषण, 'स्वप्नवत'. या घरात स्वप्नाळू कोण म्हणायचं? पण घरातला शेरा मुलीच्या नावावर आहे. ज्या स्वप्नाची पावती आहे तो व्यवहार, आणि ज्याची वही आहे ते खूळ. माझं भांडण आहे ते इथे.

वडिलांना मी दोष देत नाही. उलट ते ज्या माणसांपैकी आहेत त्यांच्यावरच वाळूज उभं आहे. १९८५ साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ लहानमोठे कारखाने आले, आणि बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडची माणसं वळकटी घेऊन उतरली. रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगर भरत गेलं. गावाकडे त्यांनाही लोक हेच म्हणाले असतील, शेत सोडून कुठे निघालास वेड्या? दहा बाय दहाच्या खोलीत चौघांनी पाळीपाळीने झोपून ज्यांनी दिवस काढले ती माणसं स्वप्नाळू नव्हती तर कोण होती? आणि आता तीच माणसं आपल्या पोरांना हा शब्द दगडासारखा फेकून मारतात. शब्दाची पत घालवली की असं होतं. माणसाला स्वतःची ओळखही त्या शब्दात सापडत नाही.

हे दुखणं आपल्याच भाषेत आहे का, असा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. वाळूज शहराच्या एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला जालना रोडवर शेंद्र्याची एमआयडीसी. तिथे २००१ पासून स्कोडा या चेक कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. माझा एक पुतण्या मोटारीच्याच धंद्यातला. कामानिमित्त काही महिने चेक देशात म्लादा बोलेस्लाव या गावी राहून आला, थोडीफार भाषा शिकून आला. त्याला मी विचारलं, का रे, ते लोक 'स्वप्नातलं घर' कसं म्हणतात? म्हणाला, "काका, विस्न्येनी दूम." दूम म्हणजे घर. मग दोन संध्याकाळी बसून मी त्याच्याकडून तो शब्द सोलून घेतला.

चेकमध्ये स्वप्नाला म्हणतात 'सेन'. हा आपल्या 'स्वप्न'चा चुलतभाऊच. ग्रीक 'हिप्नोस', लॅटिन 'सोम्नुस' हेही त्याच भाऊबंदकीतले, सगळे मुळात झोपेचे शब्द. तर या 'सेन'पासून त्यांनी चार वेगवेगळी विशेषणं केली आहेत आणि चारही आपापल्या जागी ठेवली आहेत. स्वप्नासारखं धूसर, अधांतरी, ते 'स्नोवी'. ज्याचा स्वभावच स्वप्नं बघण्याचा, तो 'स्निवी'. जो आत्ता या क्षणी तंद्रीत हरवलाय, तो 'झास्न्येनी'. आणि कुणीतरी मनात धरलेलं, हवंहवंसं, ते 'विस्न्येनी'. या शेवटच्याची रचना बघा. ते कर्मणी धातुसाधित आहे, आपल्या 'केलेलं', 'पाहिलेलं' यासारखं. पुढे लागलेला 'वि' हा उपसर्ग बाहेर काढण्याचा, तडीस नेण्याचा भाव आणतो. म्हणजे 'स्वप्न पाहून पाहून मनात पुरं केलेलं'. वस्तूचं वर्णन करताना तो शब्द स्वप्न पाहणाऱ्या माणसाला विसरत नाही. कुणीतरी पाहिल्याशिवाय काहीही 'विस्न्येनी' होऊच शकत नाही.

आणखी एक गंमत त्याने सांगितली. रात्री पडलेल्या स्वप्नाबद्दल चेक माणूस 'झ्दालो से मी' म्हणतो, म्हणजे 'मला भासलं'. पण काही व्हावं अशी आस धरली असेल तर क्रियापद वेगळं, आणि तिथे 'मी' हा कर्ता. मी ऐकतच राहिलो. कारण हे अगदी आपलंच आहे! आपल्याला स्वप्न 'पडतं' आणि आपण स्वप्न 'पाहतो'. 'मला स्वप्न पडलं' यात माझा काही हात नाही, पाऊस पडावा तसं ते पडलं. 'मी स्वप्न पाहिलं' यात मी कर्ता आहे, जबाबदार आहे. इतका स्वच्छ भेद आपल्या क्रियापदात असताना विशेषणात आपण तो का बुडवला? 'स्वप्नवत' हे पडलेल्या स्वप्नाचं विशेषण आहे. पाहिलेल्या स्वप्नाला आपण तेच चिकटवून मोकळे झालो, कारण इंग्रजीत दोन्हीला 'ड्रीम' हा एकच शब्द आहे. 'ड्रीम होम'चं भाषांतर करणाऱ्याने फार विचार केला नाही, आणि आपणही केला नाही.

आता कुणी म्हणेल, सर, शब्दांचे अर्थ बदलतच असतात. लोक वापरतील तो अर्थ. अगदी मान्य! मी शुद्धलेखनाचा दंडुका घेऊन फिरणाऱ्यांपैकी नाही. पण अर्थ बदलणं वेगळं आणि मान बदलणं वेगळं. इथे काय झालंय ते नीट बघा. तयार झालेल्या, विकायला ठेवलेल्या वस्तूला स्वप्नाचा मान मिळाला. आणि अजून काहीच हातात नसताना जो मनात काही धरून बसतो त्या माणसाकडून तो काढून घेतला. दुसरा कुणी म्हणेल, अहो, स्वप्नाळू माणसं खरंच काही करत नाहीत, नुसती मनोराज्यं करतात. तर त्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत की! मनोराज्य करणारा, शेखचिल्ली, हवेत इमले बांधणारा. एवढी भरलेली भांडी असताना 'स्वप्नाळू' या स्वच्छ भांड्यात तेच का ओतायचं?

क्रीडा पानाचं उदाहरण घेऊ. १९८०-९० च्या दशकात जन्मलेल्या पोरांच्या वर्गात दोन-तीन तरी स्वप्नील असायचे. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव. त्या पिढीतला एक स्वप्नील, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पदक मिळवलं तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. अशा यशाला आपण पटकन स्वप्नवत म्हणून टाकतो. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. पात्रता फेरीतच प्रत्येक स्थितीत २० अशा ६० गोळ्या. स्वप्नात हात नीट मूठसुद्धा वळत नाही, तिथे हे काय होणार? ते यश स्वप्नवत नव्हतं, चांगलं टक्क जागेपणीचं होतं. स्वप्नाळू असेल तर तो माणूस. आणि असेल तर तो त्याचा गुण.

त्याच्याआधी महाराष्ट्राच्या मातीतलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक खाशाबा जाधवांचं, १९५२ साली हेलसिंकीला, कुस्तीत. मध्ये ७२ वर्षं गेली. खाशाबांकडे जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. तिचं मोल मला आज जास्त कळतं. आपण आज घरासाठी पोरांची स्वप्नं गहाण टाकतो. त्या गुरुजींनी दुसऱ्याच्या पोराच्या स्वप्नासाठी घर गहाण टाकलं. त्या वेळीही कुणीतरी त्यांना स्वप्नाळू म्हटलं असेलच. म्हटलं असेल तर बरोबरच म्हटलं, दयाळू म्हणतात त्याच सुरात म्हणायला हवं होतं इतकंच.

तर माझी मागणी साधी आहे. हवंहवंसं घर असेल तर 'मनातलं घर' म्हणा, 'मनाजोगतं' म्हणा, फार तर 'स्वप्नातलं' म्हणा, त्यात निदान कुणाचं तरी स्वप्न आहे. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' असं आपली म्हणच सांगते, म्हणजे आधी मन, मग स्वप्न. 'स्वप्नवत' हा शब्द बुवांना परत द्या, किंवा खरोखर धूसर, हातून निसटणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा. पाटीवर दिसला तर आधी सातबारा मागा. आणि 'स्वप्नाळू' या शब्दाआधीचा तो 'पण' काढून टाका. 'हुशार आहे आणि स्वप्नाळू आहे' असं एकदा म्हणून बघा. जिभेला काही त्रास होत नाही.

त्या मुलीच्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, की ती वही एकदा स्वतः वाचा, आणि मग त्या रंगीत कागदाशेजारी ठेवून बघा, कुठला कागद जास्त पक्का वाटतो. ते काही बोलले नाहीत. वही मात्र घेऊन गेले. अर्ज भरायला अजून वेळ आहे.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या नातलगांनी, तसंच ब्लॉगवाल्या मित्रांनी कळवावं, तुमच्याकडे स्वप्नं पाहणाऱ्या पोराला काय म्हणतात? वऱ्हाडात, कोकणात, बेळगावकडे एखादा चांगला, प्रेमाचा शब्द असेल तर जरूर लिहा. मला हवा आहे. त्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यायचा आहे.